काचेच्या देवळापाशी

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत जाणाऱ्याने संत्री शोधू नयेत. आपल्याकडे पिंपळगावात पिंपळ आणि वडगावात वड असतोच असे नाही, तसलाच हा प्रकार. एके काळी मात्र येथे खरोखरच मैलोन्‌मैल संत्र्यांच्या बागा होत्या. दुसरे महायुद्ध संपले, लढाईवरून परतलेले जवान लग्ने करून लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला घरे घेऊ लागले, विमानांचे कारखाने निघाले आणि बागा तुटून त्यांच्या जागी घरे, रस्ते आणि मोटारी यांचे पीक आले. १९५५ सालच्या जुलैत ॲनाहाइम गावी अशाच बागा तोडून डिस्नेलँड उघडले. त्याच वर्षी, त्याच्या तीन-चार महिने आधी, जवळच एका तरुण पाद्र्याने उपाहारगृहाच्या छपरावर चढून आपले पहिले प्रवचन केले होते. डिस्नेलँड शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी सांगणार आहे ते त्या छपरावरच्या माणसाविषयी, आणि त्याने पुढे शेजारच्या गार्डन ग्रोव्ह गावी बांधलेल्या काचेच्या देवळाविषयी.

त्याचे नाव रॉबर्ट शुलर. आयोवा प्रांतातल्या एका डच वंशाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९२६ साली जन्मला. पंथ रिफॉर्म्ड, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांपैकी. पंथाच्या मंडळींनी त्याला पाचशे डॉलर हातावर ठेवून कॅलिफोर्नियात नवे चर्च काढायला धाडले. येथे येऊन पाहतो तो सभेसाठी जागाच मिळेना. शेवटी मिळाली ती सिनेमाची, आणि तीही भिंती नसलेली! मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची उघडी मैदाने अमेरिकेत त्या काळी फार बोकाळली होती. मैदानात ओळीने खांब, प्रत्येक खांबाला एक कर्णा. तो काढून आपल्या मोटारीच्या खिडकीला अडकवायचा आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावरचे चित्र पाहायचे. रात्री ही मैदाने गजबजलेली, रविवारी सकाळी ओस. शुलरने ती ओस वेळ भाड्याने घेतली. पत्नी आर्व्हेला ऑर्गन वाजवी, हा छपरावरून बोले, आणि भाविक आपापल्या मोटारीत बसून ऐकत. ‘जसे असाल तसे या, घरच्या मोटारीतून या,’ अशी त्याची जाहिरात होती.

आपल्या डोळ्यांपुढे चित्र आणा! देवासमोर उभे राहायचे तर अंघोळ, सोवळे, निदान पायातल्या वहाणा तरी बाहेर काढून. आणि येथे देवाची प्रार्थना गादीला टेकून, पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा, कोणाच्या केसांना अजून कंगवा लागायचा आहे! त्या काळच्या शिष्ट पाद्र्यांनी नाके मुरडली यात नवल नाही.

पण नाक मुरडण्यापूर्वी एक गोष्ट ऐकावी. शुलर ती स्वतः पुष्कळदा सांगे. एक म्हातारा शेतकरी पक्षाघाताने लुळी पडलेल्या आपल्या बायकोला उचलून मोटारीत ठेवी आणि दर रविवारी मैदानात घेऊन येई. तिला चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. कुठल्याच चर्चच्या पायऱ्या तिला चढता आल्या नसत्या. पुढे चार पैसे जमून चांगली चार भिंतींची वास्तू बांधायची वेळ आली, तेव्हा या बाईचे काय, हा प्रश्न शुलरला पडला. मग रिचर्ड नॉयट्रा या नामांकित वास्तुशिल्पज्ञाकडून त्याने असे चर्च बांधून घेतले, की प्रवचनकार मधोमध उभा राहील आणि आत बाकांवर बसलेल्यांना व बाहेर मोटारींत बसलेल्यांना सारखाच दिसेल. ते चर्च अजून उभे आहे. काच सरकवून बाहेरच्यांशी बोलायची सोय पाहून मला आपल्या खेड्यातले ते देऊळ आठवले, ज्याच्या गाभाऱ्यापेक्षा सभामंडपाबाहेरच्या पारावरच अधिक माणसे बसलेली असतात.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. १९६८ साली शेजारी चौदा मजल्यांचा ‘आशेचा मनोरा’ उभा राहिला. माथ्यावर नव्वद फुटी क्रूस, आणि आत एका खोलीत चोवीस तास चालू असणारे टेलिफोन. आत्महत्येच्या उंबरठ्यावर आलेल्या कोणीही रात्री-अपरात्री फोन करावा, पलीकडे ऐकणारा माणूस असेल, अशी ती व्यवस्था. १९७० साली शुलर टेलिव्हिजनवर आला. ‘अवर ऑफ पॉवर’ हा त्याचा दर रविवारचा कार्यक्रम अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही लाखो लोक पाहू लागले. रुपेरी केस, पायघोळ झगा, रुंद हास्य, दोन्ही हात आभाळाकडे. ‘देवाचे तुमच्यावर प्रेम आहे, आणि माझेही!’ हे त्याचे पालुपद. आणि १९८० साली काचेचे देऊळ पुरे झाले: क्रिस्टल कॅथीड्रल.

माझी भाची गेली बारा वर्षे अर्व्हाइन गावी राहते. तिच्याकडे मी महिनाभर गेलो होतो. “मामा, तुम्हाला डिस्नेलँड दाखवते,” असे ती म्हणाली. मी म्हटले, “बाई, उंदीर पाहायला मी सात समुद्र ओलांडून आलेलो नाही. ते काचेचे देऊळ तेवढे दाखव.” तिला कामावरून सुटी मिळेना. तेव्हा तिच्या शेजारच्या वृद्ध जोडप्याने मला नेण्याचे आनंदाने कबूल केले. आनंदाने म्हणजे, आजीबाईंनी आनंदाने. म्हातारेबुवा म्हणाले, “गाडी मी चालवीन. पण आत येणार नाही.”

“का बरे?”

“तो वाद आमच्या घरात पन्नास वर्षे चालू आहे,” आजीबाई हसत म्हणाल्या, “वाटेत समजेलच तुम्हाला.”

आणि समजला. म्हातारेबुवांचे वय पंचाऐंशीच्या घरात. विमानांच्या कारखान्यात सारा जन्म गेलेला, मोजमापाचा माणूस. लहानपण ल्यूथरपंथी घरात. त्यांचे म्हणणे असे, की शुलर हा पाद्री नव्हताच. तो उत्साहाचा विक्रेता होता. बायबलात पहिल्या पानापासून पापाची गोष्ट आहे. आणि या गृहस्थाने तो शब्दच व्यासपीठावरून हद्दपार केला. यात अतिशयोक्ती फारशी नाही. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे ‘सकारात्मक विचारा’चे पुस्तक १९५२ साली निघून गाजले होते. शुलर त्यांनाच गुरू मानी, आणि आपल्या शिकवणुकीला तो ‘शक्यतेचा विचार’ म्हणे. १९८२ साली त्याने आत्मसन्मानावर एक पुस्तक लिहिले. माणसाचे खरे दुखणे स्वतःविषयीचा आदर गमावणे हे आहे, आणि आजच्या धर्मसुधारणेची सुरुवात तेथून झाली पाहिजे, असे त्यात प्रतिपादन होते. त्यावरून धर्मशास्त्रज्ञांत केवढी खडाजंगी झाली! पाप नाही तर पश्चात्ताप कशाचा, आणि पश्चात्ताप नाही तर ख्रिस्त क्रूसावर चढला कशाला, हा विरोधकांचा सवाल होता.

“केकवरची साखर सगळी,” म्हातारेबुवा गाडी वळवीत म्हणाले. “केक कुठे आहे?”

आजीबाई मागच्या आसनावर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी त्या मनोऱ्यातल्या टेलिफोनवर अकरा वर्षे बसत होते. दर गुरुवारी रात्री. रात्री दोन वाजता फोन करणाऱ्या माणसाला ‘तू पापी आहेस’ हे सांगावे लागत नाही. तेवढे त्याला पाठ असते.”

“आणि सकाळी आठ वाजता पोटभर न्याहारी करून देवळात येणाऱ्याला?” म्हातारेबुवांनी विचारले. “त्याला कोणी सांगायचे?”

गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. खरे सांगतो, या विषयावर पुढे मी पुष्कळ वाचले, पण या दोन वाक्यांच्या पलीकडचे असे फारसे सापडले नाही. आपल्याकडेही हा वाद नवा नाही. एक कीर्तनकार मृत्यूची आठवण देऊन श्रोत्यांना घाम फोडतो, दुसरा विठ्ठलाला माउली म्हणून त्यांच्या डोळ्यांना पाणी आणतो. आणि घरी जाताना दोघांचेही श्रोते ‘आज कीर्तन छान झाले’ असेच म्हणतात. आपले रेव्हरंड टिळक ख्रिस्ताची कथा कीर्तनाच्या थाटात सांगत, तेव्हा त्यांच्याही काही धर्मबंधूंना तो थाट रुचला नसेल. थाट बदलला की आतला माल बदलतो का, हाच प्रश्न. शुलरच्या बाबतीत तो थोडाबहुत बदलला होता, असे मला वाटते. पण ज्याच्यापाशी माल पोचतच नाही, त्याचा विचार कोणी करायचा, हेही मनातून जाईना.

चॅपमन ॲव्हेन्यूवरून आत वळलो आणि देऊळ समोर आले. फोटोंत ते हिऱ्यासारखे झगझगीत दिसते. प्रत्यक्षात त्या दिवशी ते निळसर आभाळाच्या रंगाचे होते. म्हणजे आभाळच त्यात दिसत होते, देऊळ जवळजवळ दिसत नव्हते. लांबी चारशे फुटांच्या वर, उंची सुमारे एकशे अठ्ठावीस फूट, आकार एखाद्या लांबट ताऱ्यासारखा. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुशिल्पज्ञांनी पोलादी नळ्यांच्या जाळीवर दहा हजारांहून अधिक काचा बसविल्या आहेत. गंमत अशी की त्या स्क्रूने आवळलेल्या नाहीत, सिलिकोनने चिकटविलेल्या आहेत. भूकंपाचा प्रदेश, जमीन हलली तर काचेलाही थोडे अंग हलवता यावे. व्यासपीठामागे नव्वद फूट उंचीचे दोन दरवाजे होते. रविवारी ते उघडत आणि बाहेर मोटारींत बसलेल्यांना शुलर दिसे. एवढा डोलारा उभा केला तरी गड्याने मोटारवाल्यांना सोडले नव्हते.

खर्च झाला १ कोटी ८० लाख डॉलर. तो उभा करण्याची एक युक्ती म्हणजे भाविकांनी पाचशे डॉलर देऊन एकेक काच घ्यायची.

“आम्हीही घेतली,” आजीबाई म्हणाल्या.

“तू घेतलीस,” म्हातारेबुवांनी दुरुस्ती केली आणि मोटार सावलीत लावली. “ऊन विकत घेतलेस.”

आत जाताना आजीबाईंनी मला सांगितले. त्यांचा पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन गेला. त्याच्या नावाने त्यांनी ती काच घेतली. १९७९ साली पाचशे डॉलर ही कारखान्यातल्या माणसाच्या घराला लहान रक्कम नव्हती. स्वयंपाकघर नवे करायचे म्हणून बाजूला टाकलेले पैसे होते ते. नवऱ्याला विचारले नव्हते. “त्याचा राग पैशांचा नाही,” त्या म्हणाल्या. “मुलाचे दुःख मी टेलिव्हिजनवाल्याच्या हवाली केले, असे त्याला वाटते.”

यावर काय बोलणार! मी वर पाहू लागलो.

आत मात्र काचा दिसत नाहीत. आता हे देऊळ शुलरचे राहिलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. टेलिव्हिजनचा एक तास हा फार खादाड पाहुणा असतो. त्याला दर रविवारी नवा ऑर्गन, नवा पाहुणा, नवा देखावा लागतो. नाताळात आणि ईस्टरला येथे जिवंत उंट, घोडे, मेंढ्या आणून आणि देवदूत तारांवरून उडवून भव्य नाटके होत. २००५ साली सृष्टीच्या निर्मितीवर असाच एक देखावा कोट्यवधी डॉलर खर्चून केला गेला. देणारे म्हातारे होत चालले होते, नव्या पिढीची माणसे दुसरीकडे वळली होती. २००६ साली शुलरने गादी मुलाला दिली आणि २००८ साली त्याला टेलिव्हिजनवरून दूर केले. मुलगा निघून गेला. मग लेकीच्या हाती कारभार आला. राजघराण्यांत काय होते आणि कारखानदारांच्या घरांत काय होते, तेच येथे झाले. त्यातच देशभर मंदी. २०१० सालच्या ऑक्टोबरात संस्थेने दिवाळे जाहीर केले. धनकोंच्या यादीत बँका होत्या तशी नाटकाला जनावरे पुरविणारी साधी माणसेही होती. लोकांना शक्यतेचा विचार शिकविणाऱ्यांना उंटवाल्याचे बिल देणे शक्य झाले नव्हते. विरोधकांना याहून चांगले हत्यार कोणते मिळणार? म्हातारेबुवांच्या तोंडी उंट पुन्हा पुन्हा येत होते ते उगीच नव्हे.

मला विचाराल तर येथे प्रवचनापेक्षा घराचा दोष अधिक. छपरावरून बोलणाऱ्याला महिन्याचे भाडे तेवढे लागत होते. काचेच्या महालातून बोलणाऱ्याला काचा पुसण्याचाही खर्च आला. माणूस लबाड होता असे मानायला मला आधार दिसला नाही. पण कॅमेरा समोर असताना ‘आता पुरे’ म्हणणे त्याला जमले नाही, एवढे खरे.

ही सारी मालमत्ता विकत घ्यायला एक विद्यापीठ पुढे आले होते आणि रोमन कॅथॉलिक पंथाचा ऑरेंज धर्मप्रांतही. शेवटी ती ५ कोटी ७५ लाख डॉलरना कॅथॉलिकांकडे गेली. प्रॉटेस्टंट पाद्र्याचे देऊळ पोपच्या पंथाकडे! लूथर आणि कॅल्व्हिन यांच्या आत्म्यांना काय वाटले असेल ते असो, पण देऊळ देऊळच राहणार याचे शुलरला समाधान वाटले. पुढे आणखी एक मजा झाली. २०१३ साली जवळच्या सेंट कॅलिस्टस या कॅथॉलिक चर्चची मंडळी येथे राहायला आली, आणि शुलरच्या नातवाच्या मागे राहिलेली जुनी मंडळी त्या कॅथॉलिक चर्चच्या रिकाम्या इमारतीत गेली. भाडेकरूंनी खोल्यांची अदलाबदल करावी तशी.

कॅथॉलिकांनी ७ कोटी ७० लाख डॉलर खर्चून आतले रूप पालटले. शुलरच्या काळात येथे वातानुकूलन नव्हते. खिडक्यांच्या काही काचा उघडत, वारा खेळे, पण उन्हाळ्यात काचघरातल्या रोपांसारखी भाविकांची अवस्था होई. आता काचांच्या आतून पांढऱ्या धातूच्या चौपाकळी झडपा बसविल्या आहेत, अकरा हजारांवर. त्यांतून ऊन गाळून येते. वेदी मध्यभागी आणली आहे, वर क्रूस टांगलेला आहे, आणि सोळा हजारांवर नळ्यांचा तो प्रचंड ऑर्गन इटलीत नेऊन दुरुस्त करून पुन्हा बसविला आहे. पूर्वी आत बसून ढग आणि विमाने दिसत. आता दिसतो तो शांत, दुधाळ उजेड. १७ जुलै २०१९ रोजी ‘ख्राइस्ट कॅथीड्रल’ या नावाने त्याची प्रतिष्ठापना झाली. डिस्नेलँडही १७ जुलैलाच उघडले होते. योगायोग; पण या जिल्ह्याला शोभणारा.

“माझी काच कोणती, हे मला कोणी कधी सांगितले नाही,” आजीबाई म्हणाल्या. “म्हणून मीच एक ठरवली होती. तिकडे, पश्चिमेला, वरून तिसऱ्या ओळीत. दुपारच्या प्रार्थनेला तीतून ऊन माझ्या हातावर पडायचे.” त्यांनी बोटाने दाखविलेल्या जागी आता पांढऱ्या पाकळ्या होत्या. त्यांना वाईट वाटते का, हे मी विचारले नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, “आता कोणाच्याही हातावर पडत नाही. सगळ्यांना थोडाथोडा मिळतो.” वाक्य छान होते, पण म्हणताना त्यांचा आवाज नीट नव्हता.

शेजारच्या बाकावर एक व्हिएतनामी कुटुंब जपमाळ ओढीत बसले होते. १९७५ साली सायगाव पडल्यावर तिकडचे हजारो निर्वासित या भागात आले; गार्डन ग्रोव्ह आणि वेस्टमिन्स्टर येथे त्यांची मोठी वसाहत आहे. आता या देवळात इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतही मिस्सा होतो, आणि बाहेर ‘ला वांगची माता’ या त्यांच्या देवीसारख्या मेरीचे स्थान उभे आहे. तेथे फुलांचा ढीग आणि उदबत्त्यांचा वास. मला क्षणभर माउंट मेरीच्या पायऱ्यांवर उभा असल्यासारखे वाटले. या मंडळींना मी शुलरविषयी विचारले. आजोबांना नाव ठाऊक नव्हते. त्यांची नात म्हणाली, “पूर्वी येथे टीव्हीवाले कोणीतरी होते ना?” पंचावन्न वर्षांचे काम, आणि एवढेच उरले!

मागच्या बाजूला स्मशानबाग आहे. तेथेच शुलर पतिपत्नींना पुरलेले आहे. आर्व्हेला २०१४ साली गेली, तो २०१५ सालच्या एप्रिलात. अंत्यविधीसाठी नव्या मालकांनी त्याचे अंगण त्याला दिले. आजीबाईंनी थडग्यावर एक फूल ठेवले. मी हात जोडले. काय मनात धरून जोडले, कोण जाणे. त्या लुळ्या बाईची मोटार डोळ्यांपुढे होती.

परत आलो तो म्हातारेबुवा गाडीतच, खिडकीची काच खाली करून, वर्तमानपत्र वाचीत बसलेले. मी म्हटले, “दोन तास कंटाळला असाल.”

“सवय आहे,” ते म्हणाले.

“दर गुरुवारी रात्री मला सोडायला हाच येई,” आजीबाई आसनावर बसत म्हणाल्या. “मी मनोऱ्यात फोनवर, आणि हा खाली गाडीत. पहाटे चारपर्यंत. अकरा वर्षे.”

“एवढ्या रात्री बायकोला एकटी सोडायची का?” म्हातारेबुवांनी गाडी सुरू केली. “त्यात धर्माचा संबंध काय?”

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे कॉफीला गेलो होतो. टेलिव्हिजनवर शुलरचा नातू ‘अवर ऑफ पॉवर’मध्ये बोलत होता, आजोबांचे हसू त्याने बऱ्यापैकी उचललेले आहे. आजीबाई समोर बसून ऐकत होत्या. म्हातारेबुवा त्याच खोलीच्या टोकाला, पाठ करून, बशा धूत होते. मध्येच नातवाने काही विनोद केला. नळ बंद करून म्हातारेबुवा म्हणाले, “हा त्याच्या आजाने १९७४ साली सांगितला होता. तेव्हा बरा सांगितला होता.” आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.